राष्ट्रीय वीजव्यवस्था 'स्मार्ट' झाली, तर ती स्थिरही राहील का?

प्रश्न : ऊर्जाजिज्ञासू

नमस्कार. मी पदवी वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. वीजक्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेले नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांचा वीजपुरवठा जवळजवळ संपूर्ण बंद पडला. तेव्हापासून विद्यार्थी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत आहेत, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. काहींच्या मते दोष सौरऊर्जेचा होता, काहींच्या मते जुनाट पारेषण यंत्रणेचा. दोन्ही बाजूंचे लेख वाचल्यावर माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एखाद्या देशाची निम्म्याहून अधिक वीज सूर्य आणि वारा यांपासून येऊ लागली, तर ती व्यवस्था क्षणोक्षणी स्थिर ठेवण्याचे काम कोण करणार? स्मार्ट मीटर, स्मार्ट ग्रिड असे शब्द सर्रास वापरले जातात. त्यांतला शहाणपणा नेमका कोठे असतो, घराच्या भिंतीवरील मीटरमध्ये, उपकेंद्रात की नियंत्रण कक्षात? आणि तिसरे म्हणजे, पुढील वीस वर्षांचे नियोजन करणाऱ्या देशाने पैसा आधी कशावर खर्च करावा? घोषणांपेक्षा यंत्रणेच्या आतले कार्य समजावून सांगणारी उत्तरे मिळाली, तर ती वर्गात थेट वापरता येतील.

प्रतिसाद १ : निवृत्त_भारप्रेषक

आपण शिक्षक आहात म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी भारप्रेषण केंद्रात, म्हणजे निर्मिती आणि मागणी यांचा क्षणोक्षणी मेळ घालणाऱ्या नियंत्रण कक्षात, पाळीवर गेली. त्या कक्षात भिंतभर नकाशे आणि पडदे असतात, पण अनुभवी माणसाची नजर सतत एका आकड्याकडे जाते. तो आकडा म्हणजे वारंवारता, आमच्या बोलण्यातली फ्रिक्वेन्सी. ५० हर्ट्झच्या व्यवस्थेत तो ४९.९८, ५०.०१, ४९.९६ असा सारखा हलत असतो. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की तो खाली सरकतो आणि निर्मिती वाढली की वर जातो. देशातील प्रत्येक दिवा आणि प्रत्येक टर्बाइन यांचा हिशेब त्या एका आकड्यात उतरतो. पाळीवर आलेला नवा अभियंता आधी पडद्यावरचे इशारे वाचायला शिकतो. काही महिन्यांनी त्याला हा आकडा न बघताही जाणवू लागतो.

आता भौतिकशास्त्राकडे येतो. औष्णिक केंद्रातील मोठ्या संचाचा दांडा टर्बाइनसह शंभराहून अधिक टन वजनाचा असतो आणि दोन ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झवर असेल, तर तो मिनिटाला ३००० फेरे घेतो. असे शेकडो दांडे तारांमधून एकमेकांशी बांधलेले असतात आणि एका तालात फिरतात. एखादा संच अचानक बंद पडला, आमच्या भाषेत ट्रिप झाला, तर त्याची तूट पहिल्या क्षणी कोणताही माणूस किंवा संगणक भरून काढत नाही. उरलेले सर्व दांडे आपल्या फिरण्यातली ऊर्जा थोडी थोडी देतात आणि म्हणून किंचित मंदावतात. वारंवारता घसरते ती यामुळे. हे जडत्व आम्हाला आयते मिळत होते. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मोजले नाहीत आणि म्हणूनच त्याची किंमत कोणाच्या लक्षात आली नाही.

वर्गात मांडायला एक साधे गणित देतो. समजा, सर्व फिरत्या यंत्रांत मिळून २ लाख मेगावॅट-सेकंद इतकी ऊर्जा साठलेली आहे आणि १००० मेगावॅटचा संच गेला. तुटीला ५० ने गुणावे आणि साठलेल्या ऊर्जेच्या दुपटीने भागावे. उत्तर येते सेकंदाला ०.१२५ हर्ट्झ. काहीच उपाय केला नाही, तर वारंवारता ४९ पर्यंत येण्यास आठ सेकंद लागतील. आता या फिरत्या संचांपैकी निम्मे बंद करून त्यांच्या जागी साधे सौर इन्व्हर्टर (पॅनेलची एकदिश वीज जाळ्याच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणारी, न फिरणारी उपकरणे) जोडले, तर साठलेली ऊर्जा निम्मी होते आणि हातात उरतात चार सेकंद. आपल्या पहिल्या प्रश्नाचा गाभा या आठ आणि चार सेकंदांच्या फरकात आहे. जडत्व काही तूट कायमची भरून काढत नाही, ते फक्त उसंत देते. त्या उसंतीत टर्बाइनचा वेग आपोआप सांभाळणारे गव्हर्नर वाफेची किंवा पाण्याची झडप उघडतात. मग काही मिनिटांत नियंत्रण कक्षाकडून राखीव संचांना आदेश जातात.

ही उसंत कमी पडली की काय होते, याचे उदाहरण ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये दिसले. सायंकाळी पाचच्या आत वाहिनीवर वीज कोसळली. तो दोष स्वतः किरकोळ होता आणि क्षणात दूरही झाला, पण त्याच धक्क्याने एक मोठे सागरी पवनऊर्जा केंद्र आणि एक गॅसचे केंद्र जवळजवळ एकाच वेळी गळले. त्यासोबत वितरण जाळ्यातील बरीच छोटी निर्मितीही तुटली. वारंवारता ४८.८ पर्यंत उतरली आणि सुमारे दहा लाख ग्राहकांचा पुरवठा रिलेंनी, म्हणजे मोजमाप बघून चालणाऱ्या संरक्षक उपकरणांनी, आपोआप तोडला. वीज पाऊण तासात परत आली. मात्र एका प्रकारच्या नव्या रेल्वेगाड्यांच्या नियंत्रण प्रणालीत असे लिहिलेले होते की, वारंवारता ४९ च्या खाली गेल्यावर गाडी बंद पडावी. आणि त्यांतल्या कित्येक गाड्या तंत्रज्ञ प्रत्यक्ष येऊन पोहोचेपर्यंत हलल्या नाहीत. प्रवासी तासन् तास अडकले. वीज होती, रूळ होते, गाडीही धडधाकट होती. अडला तो सॉफ्टवेअरमधला एक आकडा.

याच्या उलट अनुभव ५ एप्रिल २०२० रोजी भारतात आला. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून अधिक, आणि लगेच परत चढली. जलविद्युत संच आधी पूर्ण चालवून ठेवले होते. मागणी उतरताच ते झपाट्याने कमी केले आणि मग पुन्हा वर आणले. वारंवारता ४९.७ आणि ५०.२६ यांच्यामध्ये राहिली. पाण्याचा संच मिनिटभरात कमी-जास्त होऊ शकतो, कोळशाच्या संचाला ते जमत नाही. त्या रात्री देशभरातल्या भारप्रेषण केंद्रांतून जे काम झाले, त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

प्रतिसाद २ : इन्व्हर्टर_अभ्यासक

वरील प्रतिसादातील जडत्वाची मांडणी अगदी योग्य आहे. तरी स्पेनच्या घटनेला ती जशीच्या तशी लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण बहुतेक लेखांत हीच गल्लत झालेली दिसते. तेथे सुरुवात वारंवारतेने झाली नाही, व्होल्टेजने झाली.

घटनाक्रम थोडक्यात असा. बंद पडण्याच्या अर्धा तास आधी यंत्रणेत शक्तीची आंदोलने दिसू लागली. ती शांत करण्यासाठी जे उपाय योजले, त्यांत फ्रान्सकडे जाणारी वीज कमी करणे आणि जास्त वाहिन्या जोडणे हेही होते. कमी भार असलेली लांब, उच्चदाबाची वाहिनी स्वतःच रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता जाळ्यात ये-जा करणारी, पण व्होल्टेज ठरवणारी शक्ती) पुरवते आणि तिच्यामुळे व्होल्टेज चढते. हे चढलेले व्होल्टेज शोषून घेण्याचे काम जनित्रांनी करायचे असते. स्पेन सरकारच्या जून २०२५ मधील अहवालानुसार, ज्या पारंपरिक केंद्रांकडून हे नियंत्रण अपेक्षित होते त्यांच्याकडून ते पुरेसे मिळाले नाही. सौर आणि पवन केंद्रांना तर त्या वेळच्या नियमांनुसार ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे खरी आणि ही ये-जा करणारी शक्ती यांच्या ठरलेल्या प्रमाणावर, चालायचे होते. व्होल्टेज बघून आपले वागणे बदलण्याचे काम त्यांच्याकडे सोपवलेलेच नव्हते. मग जास्त व्होल्टेजमुळे एक केंद्र सुटले, ते सुटल्याने व्होल्टेज आणखी चढले, त्यामुळे दुसरे सुटले. काही सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॅट निर्मिती गेली. वारंवारता त्यानंतर कोसळली. सौर केंद्रांच्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज सांभाळण्याची तांत्रिक क्षमता बहुधा असतेच, ती वापरण्याचा नियम आणि मोबदला नसतो. म्हणून दोष पॅनेलचा की तारेचा हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तेथे कोणती जबाबदारी कोणाची, याचा करारच अपुरा होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. आज जगात जोडलेले बहुसंख्य इन्व्हर्टर ग्रिड-फॉलोइंग प्रकारचे आहेत. ते समोर असलेली लहर मोजतात आणि तिच्याशी जुळवून आपला प्रवाह सोडतात. मैफलीत तंबोऱ्याच्या सुरात सूर मिळवून गाणाऱ्यासारखे हे आहे. सगळेच गायक झाले आणि तंबोरा धरायला कोणी उरला नाही, तर सूर मिळवायचा कोणाशी? ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर हा तंबोरा धरतो. तो व्होल्टेजची लहर स्वतः उभी करतो आणि मागणी बदलताच, मोजमाप पूर्ण होण्याची वाट न पाहता, प्रवाह देऊ लागतो. अर्थात त्याच्यामागे बॅटरी किंवा तत्सम साठा हवा आणि त्याची मर्यादाही ठाऊक हवी. फिरते जनित्र दोषाच्या वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर देऊ शकते. इन्व्हर्टरमधील अर्धवाहक घटक तेवढे तापणे सहन करत नाहीत, म्हणून तो नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडासाच जास्त देतो. मोठा प्रवाह दिसला म्हणजे दोष झाला, या समजुतीवर बसवलेले जुने रिले अशा जाळ्यात आंधळे होतात. संरक्षण यंत्रणेचा हा फेरविचार कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही, पण येत्या वीस वर्षांतले सर्वांत किचकट काम माझ्या मते तेच आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने हा रस्ता ठेच लागल्यावर चालून दाखवला आहे. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने पारेषण मनोरे पाडले, लागोपाठ दोष झाले आणि संपूर्ण राज्य बंद पडले. पवनचक्क्या वाऱ्याअभावी थांबल्या नव्हत्या. त्यांच्या नियंत्रणात अशी मर्यादा घातलेली होती की, थोड्या वेळात ठरावीक संख्येहून जास्त व्होल्टेजचे धक्के बसले, तर चक्कीने माघार घ्यावी. आणि या मर्यादेची माहिती यंत्रणा चालवणाऱ्यांना नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१७ पर्यंत, हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅट क्षमतेची आणि १२९ मेगावॅट-तास साठ्याची बॅटरी उभी राहिली, जी त्या वेळी जगातील सर्वांत मोठी लिथियम बॅटरी होती. दोन आठवड्यांत शेजारच्या राज्यातला कोळशाचा एक मोठा संच गळला, तेव्हा तिने क्षणार्धात वीज सोडून घसरण रोखण्यास हातभार लावला. २०२१ मध्ये त्या राज्याने चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. हे यंत्र म्हणजे इंधनाशिवाय जाळ्यावर फिरत राहणारे जनित्र. ते वीज निर्माण करत नाही, पण जडत्व, दोषप्रवाह आणि व्होल्टेजचा आधार देते. जुन्या आणि नव्या तंत्राची ही जोडी मला फार आश्वासक वाटते.

जर्मनीचे एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते वर्गात लगेच समजते. तेथे सुरुवातीच्या सौर इन्व्हर्टरांना नियम घालून दिला होता की, वारंवारता ५०.२ झाली की जाळ्यापासून सुटावे. संख्या थोडी होती तोवर हा नियम शहाणपणाचा होता. पुढे असे हजारो मेगावॅट जोडले गेले आणि लक्षात आले की, एखाद्या उन्हाच्या दुपारी ५०.२ चा स्पर्श झाला, तर हे सगळे एकाच क्षणी सुटतील आणि वाढलेली वारंवारता सावरण्याऐवजी तिचा कडेलोट होईल. २०१२ मध्ये नियम बदलून तीन लाखांहून अधिक जुन्या संचांची मांडणी सुधारायला घ्यावी लागली. सगळ्यांनी एकाच आकड्याला एकदम सुटण्याऐवजी वेगवेगळ्या आकड्यांना सुटावे किंवा हळूहळू निर्मिती कमी करावी, एवढाच बदल होता.

प्रतिसाद ३ : ऊर्जाजिज्ञासू

दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. सेकंदाला ०.१२५ हर्ट्झचे गणित आजच वर्गात मांडले आणि मुलांनी स्वतःहून निम्म्या जडत्वाचे उत्तर काढले. जर्मनीचे उदाहरण ऐकून एका विद्यार्थिनीने विचारले की, मग स्मार्ट मीटर आणि विद्युत वाहने यांच्या बाबतीतही सगळे एकदम वागण्याचा धोका आहे का. मला उत्तर देता आले नाही. या विषयातील कोणी जाणकार असल्यास कृपया लिहावे.

प्रतिसाद ४ : रोहित्र_आणि_मीटर

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न अचूक जागी आहे. मी वितरण क्षेत्रात काम करतो, म्हणून उपकेंद्रापासून घरापर्यंतच्या भागाबद्दलच लिहितो.

सर्वप्रथम, मीटर स्वतः काही ठरवत नाही. तो दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने किती वीज वापरली याची नोंद ठेवतो, ती दूर पाठवतो आणि गरज पडल्यास दुरून आदेश घेतो. इटलीने २००१ पासूनच असे मीटर बसवण्यास सुरुवात केली आणि काही वर्षांत सुमारे तीन कोटी ग्राहकांपर्यंत ते पोहोचवले. म्हणजे हे तंत्रज्ञान आता चोवीस-पंचवीस वर्षे जुने आहे. त्याचा उपयोग वाचन करणारा माणूस वाचवण्यापुरता मर्यादित ठेवला, तर केलेला खर्च वाया जातो.

खरा उपयोग रोहित्रापाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, दिसतो. शंभर-दीडशे घरांना वीज देणारे रोहित्र खांबावर किंवा चौथऱ्यावर उभे असते आणि वर्षानुवर्षे त्याच्यावर नेमका किती भार आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. उन्हाळ्याच्या रात्री त्याच्याजवळ उभे राहावे. गुणगुणणे नेहमीपेक्षा जड येत असते, अंगावर गरम हवेचा झोत येतो आणि तेलाचा किंचित जळका वास असतो. लाइनमन एवढ्यावरून सांगतो की हे फार दिवस टिकणार नाही. त्याखालच्या सर्व मीटरांच्या नोंदी एकत्र जोडल्या, तर हीच गोष्ट सहा महिने आधी कळते. कोणत्या फेजवर भार एकवटला आहे, छतांवरील सौर संचांमुळे दुपारी वीज उलटी वाहते का, एखाद्या टोकाला व्होल्टेज मर्यादेबाहेर जाते का, हे सारे त्या नोंदींतून वाचता येते. मात्र ते वाचायला माणसे नेमावी लागतात. मी असे एक वितरण कार्यालय पाहिले आहे, जेथे दोन वर्षांच्या नोंदी साठवलेल्या होत्या आणि एकदाही कोणी उघडल्या नव्हत्या. त्या काळात तेथे जळालेल्या रोहित्रांपैकी काही तरी निश्चितच वाचवता आली असती. हे आठवले की आजही वाईट वाटते.

आता एकदम वागण्याबद्दल. समजा, रात्री बारापासून वीज स्वस्त होते असे दरपत्रक लावले आणि सर्व वाहनांचे चार्जर बाराच्या ठोक्याला सुरू होण्यासाठी लावलेले आहेत. पूर्वी लोक आपापल्या वेळी वापर करत असल्यामुळे भार आपोआप विखुरला जाई. हे विखुरणे हीच वितरणाची जुनी संपत्ती आहे. तासावर बांधलेला दर ती एका रात्रीत पुसून टाकतो. त्यामुळे ब्रिटनने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत घरगुती चार्जरमध्ये यादृच्छिक विलंबाची सोय सक्तीची केली. चार्जर आदेश मिळाल्यावर शून्य ते दहा मिनिटांतला कोणताही क्षण स्वतः निवडतो. एवढ्या छोट्या सुधारणेने उभा कडा बदलून उतार होतो, आणि उतारावर गव्हर्नरही चढू शकतो आणि बॅटरीही. आपल्या विद्यार्थिनीला सांगावे की, तिने ओळखलेला धोका खरा आहे आणि त्यावरचा उपायही तिच्या वयाच्या अभियंत्याला एका दिवसात लिहिता येईल इतका सोपा आहे.

दोन गोष्टी मात्र सोप्या नाहीत. अर्ध्या तासाच्या नोंदींवरून एखाद्या घरात माणसे कधी उठतात, कधी बाहेर जातात, घर केव्हापासून रिकामे आहे, हे समजते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा मुख्यतः याच कारणासाठी अडवला आणि पुढे ग्राहकाला नकार देण्याचा हक्क ठेवूनच ती योजना पुढे गेली. लोकांचा विश्वास गमावून बसवलेला मीटर तांत्रिकदृष्ट्या कितीही उत्तम असला, तरी वापर बदलण्यासाठी लागणारे सहकार्य त्याला मिळत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत घुसखोरी झाली. पाळीवरील कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप सरकत होता आणि एकेक ब्रेकर (वाहिनी तोडणारा मोठा स्विच) उघडत होता. त्यांना काहीच करता येत नव्हते. सुमारे सव्वा दोन लाख ग्राहक अंधारात गेले. पुरवठा काही तासांत परत आला, तो माणसांनी उपकेंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन हाताने ब्रेकर जोडल्यामुळे. दूरनियंत्रण बसवताना हाताने चालवायची सोय आणि ती जाणणारी माणसे काढून टाकू नयेत, असे मी प्रत्येक बैठकीत म्हणतो आणि येथेही म्हणतो.

प्रतिसाद ५ : साठवण_आणि_नियोजन

तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही आणि माझा थोडा मतभेदही आहे, म्हणून लिहितो. वरील चर्चा सेकंदांची आणि मिनिटांची झाली. तो प्रश्न अवघड असला, तरी त्याची उत्तरे हाताशी आली आहेत, हे मान्य. माझी काळजी तासांची आणि आठवड्यांची आहे.

कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकांनी २०१३ मध्ये बदकाच्या आकाराचा आलेख मांडला होता. दुपारी सौर विजेमुळे इतर केंद्रांवरची मागणी खोलगट होते आणि सूर्य मावळताना ती बदकाच्या मानेसारखी उभी चढते. त्या वेळी ही न सुटणारी अडचण वाटत होती. एप्रिल २०२४ मध्ये तेथील बॅटऱ्यांची क्षमता १० हजार मेगावॅटच्या वर गेली आणि त्याच महिन्यातील एका सायंकाळी काही काळ बॅटरी हाच त्या जाळ्याचा सर्वांत मोठा पुरवठादार होता. दहा-अकरा वर्षांत हे घडले. परंतु या बॅटऱ्या प्रामुख्याने चार तासांच्या आहेत. दुपार सायंकाळपर्यंत नेण्याला त्या पुरेशा आहेत, पण उत्तर युरोपात हिवाळ्यात आठवडा-आठवडा वाराही नसतो आणि ऊनही नसते, तेथे त्या पुरत नाहीत.

उदंचन जलविद्युत, म्हणजे वीज जास्त असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणे, हा जुना आणि भरवशाचा साठा आहे. वेल्समधील डिनॉर्विग केंद्र १९८४ पासून चालू आहे. डोंगराच्या पोटात बसवलेले त्याचे संच पाण्याविना फिरते ठेवले, तर पंधरा-वीस सेकंदांत हजार मेगावॅटहून अधिक वीज देऊ शकतात. पण दोन वेगवेगळ्या उंचीवरचे जलाशय प्रत्येक देशाच्या वाट्याला येत नाहीत. लांब अंतराच्या एकदिश प्रवाहाच्या वाहिन्या हा दुसरा मार्ग. चीनमधील चांगजी ते गुचुआन ही ११०० किलोव्होल्टची वाहिनी तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर १२ हजार मेगावॅट वाहून नेण्यासाठी बांधली आहे. नॉर्वे आणि ब्रिटन यांच्यामधील समुद्राखालची ७२० किलोमीटरची केबल २०२१ मध्ये सुरू झाली. वारा भरपूर असताना ब्रिटनची वीज उत्तरेकडे जाते आणि नॉर्वेच्या धरणांत पाणी वाचते.

म्हणून माझे उत्तर असे. नवीन निर्मिती आता खासगी भांडवलावर दोन-तीन वर्षांत उभी राहते, वाहिनी उभी राहायला मात्र जमीन, परवानग्या आणि न्यायालये मिळून अनेकदा दहा वर्षे जातात. जे सर्वांत हळू होते, ते सर्वांत आधी सुरू करावे. सरकारचा पहिला पैसा आणि पहिले राजकीय बळ पारेषणाला द्यावे. आणि हे म्हणताना मी एका गोष्टीवर ठाम आहे की, हवे तेव्हा चालवता येईल अशी काही निर्मिती, मग ती जलविद्युत असो, अणुऊर्जा असो किंवा राखीव गॅस, प्रत्येक देशाने पुढेही जपून ठेवावी. केवळ बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यावर संपूर्ण देश सोपवण्याची वेळ अजून आलेली नाही.

प्रतिसाद ६ : निवृत्त_भारप्रेषक

पारेषणाला पहिला मान द्यावा, यावर संपूर्ण सहमत. हवे तेव्हा चालणाऱ्या निर्मितीबद्दल मात्र एक भर घालतो. टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवले की, अशी निर्मितीही सगळी मिळून एकाच कारणाने जाऊ शकते. थंडीच्या लाटेत गॅसच्या विहिरी, नळ आणि केंद्रांतील उपकरणे गोठली. त्यात भर म्हणजे भारनियमन करताना गॅस पुरवणाऱ्या काही यंत्रणांचीच वीज तोडली गेली. ६० हर्ट्झच्या त्या जाळ्याची वारंवारता ५९.३ पर्यंत उतरली आणि ५९.४ च्या खाली ती चार मिनिटांहून अधिक काळ राहिली. नऊ मिनिटे झाली असती, तर संरक्षण यंत्रणेने आणखी संच काढून घेतले असते आणि सारे जाळे कोसळले असते. अशा वेळी शहरांचा पुरवठा तोडण्याचा आदेश देणाऱ्या माणसाच्या मनावर काय बेतते, ते मी जाणतो. त्याने तो दिला म्हणून बाकीचे जाळे उभे राहिले.

सगळेच बंद पडले तर शून्यातून उभे कसे राहायचे, हा प्रश्न नियोजनात नेहमी शेवटी येतो. औष्णिक केंद्राला स्वतः सुरू होण्यासाठीही वीज लागते. पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या यांना बाहेरून आधार हवा. स्पेनमध्ये त्या दिवशी जलविद्युत केंद्रांपासून आणि फ्रान्स व मोरोक्को यांच्याकडील वाहिन्यांपासून सुरुवात केली. एकेक वाहिनी भारित करायची, तिच्यावर थोडासाच भार टाकायचा, वारंवारता स्थिरावू द्यायची आणि मग वेगवेगळे उभे राहिलेले दोन भाग, म्हणजे दोन बेटे, एकमेकांशी जुळवायची. जुळवताना दोन्हीकडच्या लहरी एका रेषेत आल्याशिवाय ब्रेकर बंद करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बहुतेक पुरवठा परत आला होता. इतक्या मोठ्या जाळ्यासाठी ही कामगिरी उत्तम आहे. पुढील वीस वर्षांत हे काम बॅटरी आणि ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर यांना करून दाखवावे लागेल आणि त्याच्या चाचण्या प्रत्यक्ष वाहिन्यांवर, दरवर्षी, व्हायला हव्यात. कागदावर मंजूर झालेली क्षमता ऐन वेळी फसवते.

आपल्या वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. अनेक ग्रिडचालक संस्था चालू वारंवारता संकेतस्थळावर दाखवतात. त्यात युरोपाचे जाळे निवडावे आणि तेथील सायंकाळी, तासाचा ठोका पडण्याच्या दहा मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंत, दर पाच सेकंदांनी आकडा लिहून घ्यावा. मागणी वळणावळणाने बदलत असते, पण बाजारात विकलेली वीज टप्प्यांनी बदलते, म्हणून ठोक्याच्या आसपास वारंवारतेत उडी दिसू शकते. युरोपाच्या मुख्य बाजारात हे टप्पे सप्टेंबर २०२५ पर्यंत तासाचे होते, त्यानंतर ते पंधरा मिनिटांचे झाले. मुलांनी आलेख काढल्यावर त्यांना विचारावे की, ही उडी आणखी बोथट करायची असेल, तर बाजाराचा कालखंड किती मिनिटांचा असावा. उत्तरे येथे लिहिलीत, तर मी प्रत्येक आलेख आवर्जून पाहीन.